हापसा

हापशाचा आवाज मला अजूनही दुरून ओळखता येतो. प्रथम दोन-तीन वेळा कोरडा खडखडाट, मग जमिनीच्या पोटातून यावा तसा एक उसासा आणि पाठोपाठ घागरीच्या तळावर पडणारी पाण्याची धार. तो ऐकला की मला आनंद होतो आणि त्याच क्षणी काहीसे ओशाळल्यासारखेही वाटते. त्याचे कारण फारसे सांगण्याजोगे नाही, तरी सांगतो.

१९७२ साली पाऊस पडला नाही. महाराष्ट्र तो दुष्काळ अजून विसरलेला नाही. आमच्या गावची विहीर आटली. नदीच्या पात्रात वाळू उपसून झिरे खणायचे आणि वाटीवाटीने घागर भरायची, हा बायकांचा दिवसभराचा उद्योग होऊन बसला. पुढच्या वर्षी गावात यंत्र आले, त्याने खडक विंधला आणि देवळामागे बिडाचा एक हापसा उभा राहिला. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिले.

आम्हां मुलांना ते एक नवे खेळणेच वाटले. दांडा वर गेला की त्याला लोंबकळायचे आणि आपल्या भाराने तो खाली आणायचा, असा आमचा खेळ भर दुपारी चाले. एके दिवशी मी लोंबकळलो असतानाच कडकन् आवाज झाला. दांडा ज्या दोन कानांत बसवला होता, त्यांतला एक तुटून माझ्या पायाशी पडला. सवंगडी पळाले. मीही पळालो.

हापसा आठ दिवस बंद होता. आई पहाटे उठून पुन्हा नदीवर जाऊ लागली. हापसा कोणी मोडला, याची चर्चा गावात पुष्कळ झाली. पण माझे नाव कोणी घेतले नाही आणि मीही ते सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मी आईबरोबर नदीवर गेलो, एवढेच. “आज कामाची हौस कशी रे आली?” तिने विचारले. मी खाली मान घालून वाटीने पाणी भरत राहिलो. आठव्या दिवशी तालुक्याहून मिस्त्री आला. त्याने एकामागून एक लोखंडी सळया वर ओढल्या, झिजलेला चामड्याचा वायसर बदलला आणि वर नवे डोके बसवले. मी दिवसभर त्याच्या हाताखाली राबलो. त्याने मला काही विचारले नाही.

पुढे मी शिक्षक झालो. कॅनडातील रायन ह्रेलजॅक या मुलाची हकीकत माझ्या वाचनात आली, तेव्हा प्रथम मला आठवला तो देवळामागचा हापसा. मी हापसा मोडला, त्याहून लहान वयात या मुलाने एक उभा केला होता!

१९९८ च्या जानेवारीतील ही गोष्ट. ओंटारिओ प्रांतातील केम्प्टव्हिल गावी सहा वर्षांचा रायन पहिलीच्या वर्गात बसला होता. बाईंनी सांगितले, की आफ्रिकेत कित्येक मुलांना पाण्यासाठी दूरदूर चालावे लागते आणि ते पाणीही गढूळ, रोगट असते; सत्तर डॉलर मिळाले तर तेथे एक विहीर होऊ शकते. रायनच्या वर्गापासून पिण्याचे पाणी अवघ्या काही पावलांवर होते. घरी जाऊन त्याने सत्तर डॉलरांचा हट्ट धरला. आईवडिलांनी पैसे दिले नाहीत, काम दिले. खिडक्या पुसणे, घर झाडणे अशी कामे तो करू लागला. सत्तर डॉलर जमायला चार महिने लागले. ते घेऊन तो पाण्याचे काम करणाऱ्या एका संस्थेकडे गेला. तेथे त्याला कळले, की सत्तर डॉलरांत केवळ हापसा येतो. जमीन विंधून विहीर करायची, तर दोन हजार डॉलर लागतात.

येथे मी वर्गात नेहमी थांबत असे. सत्तर डॉलरांना चार महिने, तर दोन हजारांना किती? मुले चटकन त्रैराशिक मांडीत. उत्तर येई साडेनऊ वर्षे! रायनला त्रैराशिक येत नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. आपण आणखी काम करू, एवढेच तो म्हणाला.

त्याची जिद्द पाहून शेजारी, शाळा आणि संस्था मदतीस आल्या. १९९९ साली उत्तर युगांडातील अंगोलो येथील प्राथमिक शाळेजवळ विहीर झाली. २००० च्या जुलैमध्ये रायन ती पाहण्यास गेला, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली मुले टाळ्या वाजवून त्याच्या नावाचा घोष करीत होती. २००१ मध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली आणि तिच्याकडून पुढे शेकडो ठिकाणी पाण्याची सोय झाली.

ही हकीकत मी अनेक वर्षे अशीच सांगत आलो. टाळ्यांपाशी ती संपे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “गुरुजी, तो हापसा मोडला तर?”

मी गोंधळलो. रायन कॅनडात, हापसा अंगोलोत. तो रोज हापसणारे, त्याच्याभोवतीचा चिखल काढणारे, वायसर झिजला की वर्गणी गोळा करणारे लोक माझ्या गोष्टीत नव्हतेच. मी ते शोधून काढून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. युगांडात अशा विहिरींची राखण करण्यासाठी गावकऱ्यांची समिती नेमतात, आणि हापसे दुरुस्त करणारे मिस्त्रीही त्या भागात तयार करतात. तेथे सर्वत्र दिसणारा ‘यू-२’ हापसा आपल्या ‘इंडिया मार्क-२’ वरून घेतला आहे. आणि या ‘मार्क-२’चे मूळ जालना आणि सोलापूर येथे आहे! आपल्याकडील पूर्वीचे बिडाचे हापसे परदेशी नमुन्यांवरून केलेले. ते एका कुटुंबापुरते ठीक होते. त्यांच्यावर साऱ्या गावाचा भार पडे आणि ते वारंवार मोडत. म्हणून जालना-सोलापूरकडे पोलादाचे दणकट हापसे घडवण्यात आले आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांतून ‘मार्क-२’ सिद्ध झाला. (त्यामुळे माझा अपराध हलका होतो, असे मी म्हणत नाही.)

“तुम्हांला हे सारे कसे ठाऊक?” त्या मुलीने विचारले. तेव्हा मी वर्गाला माझी गोष्ट सांगितली. मुले आधी हसली, मग गप्प झाली. तीच मुलगी पुन्हा म्हणाली, “आणि तुमच्या आईला?”

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईपाशी बसलो आणि सगळे सांगून टाकले. ती आता खूप थकली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मला त्याच रात्री कळलं होतं,” ती म्हणाली. “तुझ्या सदऱ्याला दांड्याचं काळं वंगण लागलं होतं. दुसऱ्या दिवशी नदीहून आणलेल्या पाण्यातलं अर्धी बादली पाणी ते धुण्यातच गेलं.”