चाकांवरचे घर निवडताना

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट हे वाळवंटी गाव हिवाळ्यात चाकांवरच्या घरांनी गजबजून जाते. जवळच्या ला पोसा या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल दीर्घ मुक्काम करता येतो. येणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा. मुलांकडे अमेरिकेत राहताना आपल्याही मनात असे घर घेण्याचे येत असेल, तर आधी ट्रेलर ठरवा, गाडी नंतर.

ट्रेलरमध्ये प्रथम पलंग पाहा. लहान ट्रेलरमध्ये तो बहुधा कोपऱ्यात, भिंतीला टेकलेला असतो. रात्री एकाला उठायचे तर दुसऱ्याला ओलांडावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी मोकळाच पलंग घ्यावा. पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या मोठ्या ट्रेलरांत शयनकक्ष बहुधा पायऱ्या चढून असतो, हेही ध्यानी असू द्या. प्राणवायूचे यंत्र लागत असेल, तर या माळावर जागोजागी वीजजोडणी नाही.

आता गाडी. विक्रेता ओढण्याची क्षमता सांगतो. आपण मात्र चालकाच्या दाराच्या चौकटीवरील भारमर्यादा वाचावी. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या पाठीवर येतो: ३,००० किलोचा ट्रेलर असेल, तर ३०० ते ४५० किलो. त्यात आपण दोघे, सामान, अवजारे. टाकीतले १५० लिटर पाणीही ट्रेलरला १५० किलोंनी जड करते.

दुकानातच त्या पलंगावर दोघांनी आडवे व्हावे, उठून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन यावे. संकोच नको.