खुब्याचं हाड आणि कांडवेल

‘शस्त्रक्रियेबरोबर झाडपाल्याची औषधं चालतात का, यावर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. मी अस्थिरोगतज्ज्ञ, सिंधुदुर्गात हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो तो खुब्याच्या अस्थिभंगात, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

पावसात शेवाळलेल्या खळ्यात किंवा न्हाणीत म्हातारं माणूस घसरतं. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर कलंडतं. घरात ठरतं, ‘झील मुंबयसून येवंदे, मगे बघूया.’ तोवर पाला बांधतात. यंदा मालवण तालुक्यातल्या एक आजी तिसऱ्या आठवड्यात आल्या. खुब्यावरचा लेप वाळून तडकला होता आणि टाचेला काळी जखम झाली होती. माझा राग पाल्यावर नाही, वाया गेलेल्या दिवसांवर आहे.

हाड जुळायला वापरतात त्या कांडवेलीला मी थोतांड म्हणत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी 1960 च्या दशकात तिच्यावर प्रयोग केले, तेव्हा प्राण्यांची मोडलेली हाडं लवकर भरून आलेली दिसली. लाक्षादि गुग्गुळातही ती असते. पण खुब्याची मान निराळी. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचतं ते मुख्यतः मानेवरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडून सरकली की त्याही तुटतात आणि गोळ्याची गत देठ तुटलेल्या फळासारखी होते. जिथे रक्तच पोचत नाही, तिथे रक्तातून जाणारं औषध कसं पोचेल? म्हणून वृद्धांमध्ये आम्ही तो गोळा काढून कृत्रिम बसवतो.

मानेच्या खाली मोडलं तर रक्त भरपूर असतं, हाड जुळतंही. पण शस्त्रक्रियेने खिळा न बसवता जुळवायचं तर कित्येक आठवडे अंथरूण, आणि त्यातून न्यूमोनिया, पायात गुठळ्या, जखमा. म्हातारं माणूस बहुधा त्यानेच जातं. सुश्रुतसंहितेत वृद्धांचं हाड जुळायला तरुणांच्या तिप्पट काळ सांगितला आहे, आणि पाय मोडलेल्याला फळीवर, खुंट्यांना बांधून निजवायला सांगितलं आहे. म्हणजे हाड स्थिर ठेवणं तिथेही महत्त्वाचंच. आज ते काम खिळा करतो आणि रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी उभं करता येतं.

आता दोन्ही एकत्र घेण्याचा प्रश्न. चीनमध्ये एकाच रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि काढे दोन्ही मिळतात. तिथल्याच दानशेन या मुळीने रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्हीही गुठळ्या टाळायला रक्त पातळ करणारं औषध देतो. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी वनौषधी दोन आठवडे थांबवा, असं भूलतज्ज्ञ सांगतात. मोडलेल्या खुब्याला तेवढी सवड नसते. म्हणून काय घेतलं ते आम्हाला कळणं फार गरजेचं. पण डॉक्टर ओरडतील म्हणून घरची मंडळी काढा लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सावंतवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडच्या औषधांची नोंद रुग्णाच्या एकाच केसपेपरवर व्हायला हवी. शस्त्रक्रियेनंतर वैद्यांचा सल्ला जरूर घ्या, पण आम्हाला सांगून.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच: घरातलं म्हातारं माणूस पडलं आणि उभं राहता येत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती शक्यतो 48 तासांच्या आत होऊ द्या. मुलगा मुंबईहून थेट रुग्णालयात आला तरी चालेल.