अर्ध्या मिलीमीटरचं काम आणि आपल्या गावचे सुतार

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. सुरुवात जुन्या टर्नटेबलची आहे, पण मुद्दा आपल्या जुने शहरातल्या सुतारकामाचा आहे. म्हणून गाण्यात रस नसलेल्यांनीही वाचावी ही विनंती.

एका बंद पडलेल्या टॉकीजच्या सामानातून माझ्याकडे गॅरार्ड ३०१ आलं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलला गाणी वाजायची, आठवते ना? त्यासाठी प्रोजेक्टरच्या खोलीत असं यंत्र असायचं. हे १९५० च्या दशकातलं मॉडेल, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातलं. गंमत म्हणजे कंपनी ते अर्धवटच विकायची. मोटर, फिरणारी चकती आणि वेगाचे खटके, एवढंच मिळायचं. खालची लाकडी बैठक, म्हणजे प्लिंथ, नाही. सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, तोही नाही. ते ज्याचं त्यानं पाहायचं. म्हणजे विकणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं की जिथं हे यंत्र जाईल तिथं चांगला सुतार असणारच.

माझ्या यंत्राची मूळ बैठक वाळवीनं खाल्ली होती. बाहेरून तयार प्लिंथ मागवली तर तीस-चाळीस हजारांच्या पुढंच जाते, वरून कस्टम आणि भाडं. म्हणून गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो.

काकांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, "हे थरथरते का?" थरथरतेच. या यंत्रात मोटरचा दांडा रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक चकतीला आतल्या काठानं फिरवते. मोटरची थरथर या वाटेनं आणि खालच्या लाकडातून सुईपर्यंत पोहोचते. एलपीची खाच साधारण केसाएवढी. त्यात फिरणाऱ्या सुईला गाणं कोणतं आणि मोटर कोणती हे कळत नाही, ती दोन्ही वाजवते. स्पीकरमधून गाण्याखाली सतत घरघर येते. म्हणून प्लिंथ जड पाहिजे आणि थरथर जिरवणारी पाहिजे. पोकळ खोकं केलं तर ते तबल्यासारखं घुमते.

आम्ही १८ मिलीमीटरच्या प्लायचे पाच थर एकावर एक चिकटवले आणि रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवले. यंत्राच्या पोटासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून आतून जागा कोरली. बाहेरची चौकट सागवानाची. हे सागवान शेजारच्या पडलेल्या माडीच्या तुळईचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पावसाळ्यात हवा ओली होते. नवीन लाकूड अशानं वाकते. कित्येक उन्हाळे खाल्लेली तुळई आता कुठं वाकणार? यंत्र बसवल्यावर सगळं वजन वीस किलोच्या घरात गेलं.

खरी परीक्षा टोनआर्मची होती. माझा आर्म रेगाचा. त्याचं फिरण्याचं केंद्र चकतीच्या मधल्या खिळ्यापासून बरोबर २२२ मिलीमीटरवर पाहिजे. तेव्हा सुई खिळ्याच्या १५ मिलीमीटर पुढं पोहोचते आणि खाचेत योग्य कोनात चालते. माप चुकलं तर आवाज फाटतो, शेवटच्या गाण्यांना जास्तच, कारण तिथं खाचेचा घेर लहान होतो. मी काकांना म्हटलं, अर्ध्या मिलीमीटरचाही फरक नको.

काका म्हणाले, "भाऊ, दरवाजाले एवढं माप कोनी मांगत नाई. पन तुमाले पाह्यजे त देतो."

त्यांनी सागवानाची एक पट्टी घेतली. एका टोकाला मधल्या खिळ्यात घट्ट बसेल असं भोक पाडलं, दुसरीकडे २२२ वर बारीक खिळा ठोकला आणि पट्टी फिरवून कमान आखली. कमानीवर कुठंही भोक पाडा, अंतर तेच. ना लेझर, ना कॉम्प्युटर. आर्मसाठी फळीही वेगळी केली, म्हणजे उद्या दुसरा आर्म आला तर फक्त फळी बदलायची. सुईचा दाब दोन ग्रॅमच्या आसपास ठेवून रेकॉर्ड लावली. घरघर गेली होती.

आता मुद्दा. हा माणूस महिन्यातले अर्धे दिवस रिकामा असतो. येणारं काम म्हणजे दाराची बिजागरी आणि पलंगाचा मोडका पाय. पोरगा मॉड्युलर किचन बसवायला जातो. तिथं माप कारखान्यातूनच कापून येते, त्यानं फक्त स्क्रू मारायचे. पडलेल्या माड्यांचं सागवान बाहेरचे व्यापारी घनफुटाच्या भावानं उचलून नेतात.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत आणि नंतर दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजानं कर्ज. चांगलंच आहे. पण काकांना रंधा कसा धरायचा हे शिकवायची गरज नाही, त्यांना ऑर्डर पाहिजे. ते स्वतःच म्हणाले, "काम भेटलं का हात चालते. रिकामा बसला का हातही इसरते." कर्ज घेऊन नवी मशीन आणली आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर हप्ता कोण भरणार?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. दुरुस्तीचा हक्क असावाच. पण दुरुस्त करणारा गल्लीत उरला नाही तर तो हक्क कुठं बजावायचा?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, महापालिका आणि शाळांनी बाक, टेबल, कपाटांच्या खरेदीतला थोडा वाटा स्थानिक मिस्त्रींसाठी ठेवावा. दोन, माडी पाडताय तर लाकूड विकण्याआधी गावातल्या सुताराला एकदा दाखवा. तीन, सगळ्यात सोपी. घरात एखादी वस्तू करायची असेल तर ऑनलाइन बटण दाबण्याआधी माप घेऊन जुने शहरात एक चक्कर मारा.

कोणाकडे चांगला मिस्त्री असेल, तर त्याला विचारून दुकानाचा पत्ता कमेंटमध्ये टाका. यादी झाली की मी ती वेगळी पोस्ट करतो.