गच्चीवरची पॅन्सी

जानेवारीच्या अखेरीस पुण्यात असाल, तर ऊन कोवळे असतानाच एम्प्रेस गार्डन गाठावे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते. गुलाबांपाशी गर्दी असते; ती ओलांडून हंगामी फुलांच्या कुंड्यांपाशी थांबावे. वीतभर उंचीच्या रोपांवर जांभळ्या, पिवळ्या, तांबूस पाकळ्या आणि मधोमध गडद डाग. जणू लहान मुलेच मान वर करून आपल्याकडे पाहत आहेत. हीच पॅन्सी. फ्रेंच भाषेतील ‘विचार’ या अर्थाच्या शब्दावरून तिला हे नाव मिळाले.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आईने घराबाहेर पडणे सोडले. औषधांनी रक्तदाब आटोक्यात आला, परंतु तिचा दिवस खिडकीपाशीच उगवे आणि मावळे. त्या जानेवारीत हट्टाने तिला येथे आणले. याच कुंड्यांपुढे थांबून तिने विचारले, “आपल्या गच्चीवर येईल का गं हे?”

येते; मात्र ही थंड हवेची लेक आहे, हे ध्यानी ठेवावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील उद्यानतज्ज्ञांनी रानातल्या व्हायोलांच्या संकरातून ती घडवली. आम्ही घाईने नवरात्रातच बी पेरले. ऑक्टोबरच्या उकाड्यात निम्मे उगवले नाही आणि उगवलेली रोपे कोलमडली. दिवाळीनंतर, रात्री गार होऊ लागल्यावर, पुन्हा पेरले. उगवणीला 18 ते 20 अंश सेल्सिअस तापमान आणि काळोख मानवतो. म्हणून बियांवर मातीचा पातळ थर देऊन ट्रे सावलीत झाकून ठेवावा. अंकुर दिसताच आच्छादन काढावे. चार-पाच पाने आली की 15 ते 20 सेंटिमीटर अंतरावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या कुंडीत रोपे लावावीत. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. सुकलेली फुले रोज खुडावीत, कारण रोप बी धरू लागले की बहर ओसरतो.

हे ‘रोज’च आमच्या घरी औषध ठरले. डॉक्टरांना विचारून आई दररोज सकाळी जिना चढू लागली. आधी कठड्याला धरून, पुढे हातात झारी घेऊन. शेजारच्या काकूही येऊ लागल्या आणि गच्चीवर गप्पा रंगू लागल्या.

मार्चमध्ये रोपे पिवळी पडली, तेव्हा आमच्याच पोटात गोळा आला. आईने मात्र ती शांतपणे उपटली, खतात टाकली आणि त्याच कुंडीत सदाफुली लावली. म्हणाली, “यांचे दिवस संपले. कुंडी थोडीच संपली?”

वाचकहो, आपल्याही घरी कुणी खिडकीपाशी बसून असेल, तर यंदा दिवाळीनंतर एक कुंडी त्यांच्या हवाली करावी. माती कालवून द्यावी, कुंडी उचलून ठेवावी. फुले खुडण्याचे काम मात्र आपण करू नये.