रेवदंड्याच्या रिकाम्या खिडक्या

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली की उजव्या हाताचा कुलाबा हळूहळू मागे पडतो. तिथल्या अफगाण चर्चचा मनोरा एके काळी जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडायचा. आता त्याला इमारतींच्या गर्दीतून हुडकून काढावं लागतं. 1858 सालच्या या चर्चच्या रंगीत काचा विलायतेतल्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. चर्च म्हटलं की आपल्यापुढे हेच चित्र उभं राहतं. पण ही झाली इंग्रजी तऱ्हा. लाँच ज्या किनाऱ्याला लागते, तिथे पोर्तुगीज त्याच्या तीनेकशे वर्षं आधीच आले होते, आणि त्यांना रंगीत काचांचं फारसं वेड नव्हतं.

मांडव्याहून अलिबाग, नागाव, चौल. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या. चौल हे फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. 1521 मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी समुद्रालगत पाय रोवले आणि त्यांच्या वस्तीभोवती तट उभा राहिला. तोच रेवदंडा. रस्ता तटाच्या दरवाजातून सरळ आत शिरतो, आणि एस.टी.तल्या कुणाला आपण किल्ल्यात आलो याचं सोयरसुतक नसतं.

फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट, सगळ्या पंथांनी एवढ्याशा कोटात मठ आणि चर्चं बांधली. आज त्यांचे अवशेष वाड्यांमधून विखुरलेत. कुठे पाहायचं ते वाडीवाल्याला विचारावं आणि मगच आत शिरावं. सर्वांत उंच सातखणी मनोरा, सेंट बार्बराच्या चर्चचा. आतले मजले गेले, खिडक्यांची भगदाडं एकावर एक उरली. बार्बरा ही तोफचींची संत. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाचा वेढा सोसलेल्या गावाने तिला इतकं उंच स्थान द्यावं, यात नवल नाही.

डॉमिनिकनांच्या चर्चचा कमानदार गाभारा पाहताना मात्र थांबायला होतं. दगड आहे, चुना आहे. सामान काहीच नाही. ते काय असायचं, हे जुन्या गोव्यात गेलं की कळतं. पाठीमागची सबंध भिंत व्यापणारी कोरीव लाकडाची वेदी, वर सोन्याचा वर्ख, कोनाड्यांतून संतांच्या मूर्ती. बाजूच्या भिंतीला टांगल्यासारखं प्रवचनाचं व्यासपीठ, दारावर गायकांचा माळा, पायाखाली मृतांची नावं कोरलेल्या शिळा. नक्षी युरोपची, कोरणारे हात बहुधा इथल्या सुतारांचे. रंग होता तो वेदीवर. खिडकीतून नुसता उजेड यायचा. गोव्यात त्या खिडक्यांना लाकडी जाळीत बसवलेल्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदानं असत. उन्हाची तिरीप त्यांतून दुधासारखी होऊन उतरते, पाऊस बाहेर राहतो आणि समुद्र फुकटात माल पुरवतो. किनाऱ्यासाठी मला हीच युक्ती विलायती काचेहून शहाणपणाची वाटते.

लाकूड आणि शिंपले काही शतकं उघड्यावर टिकायचे नाहीत. धातू टिकतो. चिमाजी आप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 साल अजून वाचता येतं. भीमाशंकरलाही अशीच घंटा आहे.

1740 मध्ये तह होऊन चौल मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज निघून गेले. सगळे मात्र गेले नाहीत. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की समुद्रात घुसलेली कोर्लईची टेकडी दिसते. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला तिच्यावरचा गड चढून गेलात तर बिनछपराचं चॅपेल भेटतं. खाली गावात माउंट कार्मेलच्या माउलीचं चर्च आहे, तेही पोर्तुगीज काळात स्थापन झालेलं, पण नांदतं. गावचे ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आपली बोली बोलतात. प्रार्थना 1960 च्या दशकापर्यंत पोर्तुगीजमध्ये व्हायची, पुढे ती मराठीत आली. माउलीचा सण 16 जुलैचा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला. त्या दिवसांत गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते, पेण-वडखळवरून एस.टी.ने येता येतं.