परत बोलावणं



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. सहा महिने लेकाकडे पिट्सबर्गला होते, हे घरच्यांना माहीत आहेच. परत आल्यापासून जो तो विचारतो, "अमेरिका कशी वाटली?" नायगारा पाहिला, वेंकटेश्वराचं देऊळ पाहिलं, बर्फ पाहिलं. ते फोटो सगळ्यांना पाठवून झाले. पण तिथून मनात काय घेऊन आले म्हणाल, तर एका मोटारसायकलची गोष्ट. हसू नका, पुढे वाचा.

लेकाने २०२१ साली तिथल्याच एका निवृत्त गृहस्थांकडून जुनी मोटारसायकल विकत घेतली. ही भली थोरली! आपल्याकडची बुलेट तिच्याशेजारी धाकटी बहीण वाटेल. पहिल्याच दिवशी मी तिची चेन शोधली, ती काही सापडेना. आमच्या 'ह्यां'च्या राजदूतची चेन म्हणजे दर रविवारचं अंगणातलं काम असे. तेल घाला, ताण बघा, आणि मग काळे हात पुसायला माझं एखादं जुनं पातळ! लेक म्हणाला, "आई, हिला शाफ्ट आहे. चेनची कटकटच नाही."

शाफ्ट म्हटल्यावर मला एकदम आमच्या खिडकीतला क्रॉस आठवला. माझे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. अधिकच्या चिन्हासारखा दिसणारा, चार टोकांचा एक झिजलेला लोखंडी तुकडा त्यांनी घरी आणला होता. तो माझ्या वह्यांवर वजन म्हणून असे. दादा सांगायचे, "इंजिन पुढे, चाकं मागे. मध्ये फिरणारा दांडा. पण बस खड्ड्यात आदळली की चाकं वरखाली होतात, दांड्याचा कोन बदलतो. तरी तो फिरत राहिला पाहिजे, म्हणून सांध्याला हा क्रॉस." दोन्ही हातांची दोन-दोन बोटं एकमेकांसमोर आडवी-उभी धरून ते दाखवत. आपल्या मनगटासारखंच म्हणा ना.

मोटारसायकलचंही तेच. मागच्या चाकाला धरणारा जो जाड पोकळ हात असतो, त्याच्या आतून दांडा जातो आणि चाकापाशी दातेरी चाकांनी काटकोनात वळून चाक फिरवतो. ही युक्ती नवी नाही. बेल्जियममधल्या एफएन कंपनीने १९०५ सालीच अशी गाडी काढली होती, असं लेकाने सांगितलं. फायदा हा, की धूळ नाही, तेल घालणं नाही, ताण बघणं नाही. तोटा मात्र मी माझ्यापुरता असा काढला, की चेन बिचारी आधी कुरकुर करते. सैल पडते, लोंबते, खडखडते. दांडा आत झाकलेला. त्याचं दुखणं बाहेर दिसत नाही. तुटला तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे तुटलेला दांडा आतल्या आत अडकला, तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं.

आता पत्राची गोष्ट. तिकडे टपालात जाहिरातींचा नुसता पूर येतो. पिझ्झ्याची कुपनं, गालिचे धुणाऱ्यांची पत्रकं. ती सगळी एका टोपलीत जातात आणि टोपली महिन्याने रिकामी होते. मी पडले मास्तरीण. छापलेला कागद न वाचता टाकवत नाही. त्या टोपलीत मला कंपनीचं एक बंद पाकीट सापडलं. पत्ता गाडीच्या आधीच्या मालकाचा होता. त्यांनी ते स्वतः चालत येऊन आमच्या पेटीत टाकलं होतं, आणि वर पेनने लिहिलं होतं, 'हे तुमचं आहे.'

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. पत्र सरळ होतं. दोष काय, तर दांड्यावरच्या रबरी आवरणातून पाणी आत जाऊन सांधा गंजू शकतो. धोका काय, तर दांडा तुटू शकतो. उपाय काय, तर गाडी आणा, आम्ही तपासू आणि लागेल तो भाग फुकट बदलून देऊ. शेवटी एक ओळ होती, की सुटे भाग अजून तयार नाहीत, ते आले की पुन्हा पत्र पाठवू. याला तिकडे 'रिकॉल' म्हणतात. म्हणजे परत बोलावणं.

पिट्सबर्गला हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. मीठ आणि पाणी लोखंडाचं काय करतात, हे कुठल्याही गृहिणीला विचारा! आणि गाडी गॅरेजमध्ये ढकलताना मागून टक् टक् आवाज येतो, तो मी चार दिवस ऐकत होते. लेक म्हणायचा, "या गाड्यांचा आवाज असाच असतो."

यात माझा जीव अडकायचं कारण वेगळंच होतं. ऑक्टोबरमध्ये बापलेक मिळून ब्लू रिज पार्कवेवर जाणार होते. व्हर्जिनिया ते नॉर्थ कॅरोलायना, ४६९ मैलांचा डोंगरातला रस्ता. तेव्हा तिथली पानं लाल-पिवळी होतात. आणि मागच्या सीटवर माझी चौदा वर्षांची नात.

रात्री जेवताना मी पत्र पुढे ठेवलं. लेकाने फोनवर तपासलं. तिकडच्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला, की त्या गाडीवर एखादा रिकॉल शिल्लक आहे का ते कळतं. साइट म्हणाली, नंबर चुकीचा आहे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. "म्हणजे आपली गाडी त्यात नसणार," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

"अरे, नंबर चुकीचा म्हणजे गाडी बरोबर, हे कुठलं गणित?"

"आई, तुला गाडीतलं काय कळतं?"

मी गप्प बसले. नात ताटाकडे बघत होती.

सकाळी तो कामावर गेल्यावर नातीला घेऊन गॅरेजमध्ये गेले. टॉर्च आणि माझं भिंग. हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर नंबर ठोकलेला असतो. सतरा अक्षरं आणि आकडे. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. आणि नववी जागा नुसती राखणीला. बाकीच्या सोळांचं एक गणित करून ती ठरते, म्हणून एखादं अक्षर चुकलं की बहुतेक वेळा नंबर खोटा पडतो. (हे नातीने शोधून सांगितलं. मला तर फार आवडलं! बोर्डाच्या बैठक क्रमांकांना असा एखादा राखणदार असता, तर किती डोकेदुखी वाचली असती.) मी वाचत गेले, नातीने लिहून घेतलं. विम्याच्या कागदावर जिथे ५ होता, तिथे गाडीवर 'एस' होता. इतकंच.

बरोबर नंबर टाकल्यावर साइटवर रिकॉल दिसला. दुरुस्ती बाकी.

लेक संध्याकाळी काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः डीलरला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, भागांची यादी मोठी आहे, थांबा. लेकाने आवाजाचं सांगितलं आणि मालक बदलल्याचंही नोंदवलं, म्हणजे पुढचं पत्र आमच्या घरी येईल. तेव्हा त्यांनी नुसती तपासणी करायला गाडी मागवली. ट्रेलरवर घालून नेली, चालवत नाही. मीही गेले. मेकॅनिकने रबरी आवरण मागे सारलं, तर आतून तपकिरी पाणी आलं. सांध्याला तांबूस गंज, आणि क्रॉसचं एक टोक हाताने हलत होतं. तो लेकाला म्हणाला, "घरी चालवत नेऊ नका." लेकाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भाग यायला पाच आठवडे लागले. पैसा एकही पडला नाही. तिथल्या कायद्याने सुरक्षेचा दोष कंपनीने स्वतः कळवायचा आणि फुकट दुरुस्त करायचा असतो. मग गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली का असेना. मात्र ती पहिल्यांदा विकली गेल्याला पंधरा वर्षं झालेली नसावीत. आपल्याकडेही २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार असं परत बोलावणं सक्तीचं करू शकतं. तेव्हा तुमच्याकडे कंपनीचं असं काही पत्र आलं तर रद्दीत टाकू नका. जुनी गाडी घेतलीत तर कंपनीला आपला पत्ता कळवा. आणि नंबर कागदावरून नाही, गाडीवरून वाचा.

ब्लू रिजला मग आम्ही चौघं मोटारीने गेलो. नात दोन दिवस फुगून बसली होती. असो.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण मेकॅनिकने एक गोष्ट सांगितली, ती मनातून जाईना. तो म्हणाला, असे दोष बहुतेक वेळा आधी चालवणाऱ्यांना कळतात. ते तक्रारी करतात आणि आम्ही म्हणतो, आवाज असाच असतो.

१९८६ सालची आठवी ब. वार्षिक परीक्षेत एका मुलीला मराठीत २८ गुण दिले. पास व्हायला ३५ लागत. ती गणितातही नापास होती. एका विषयात गेलेल्यांना आम्ही वर चढवत असू, दोन विषयांत गेलेल्यांना नाही. ती बसली. पुढच्या दिवाळीत कपाट आवरताना पेपरांचा गठ्ठा हाती आला आणि सहज बेरीज केली. ३८. मी हातचा विसरले होते. तोवर वडिलांनी तिला शाळेतून काढलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आता काय उपयोग, बाई?" मलाही ते सोयीचं वाटलं. तिच्या घरी गेले नाही.

मागच्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तिचा नंबर मिळवला. तीन दिवस धीर झाला नाही. मग फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, मी निकालाच्या दिवशी आले होते की तुमच्याकडे. म्हटलं, मराठीत मी नापास नाही व्हायची, एकदा बघा ना. तुम्ही म्हणालात, निकाल लागला, आता काही होत नाही."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. चूक ३८ ची २८ झाली एवढीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या बाई. माझ्या मुलीच्या सगळ्या पेपरांची बेरीज मात्र मी स्वतः करायचे." आणि मग हसून, "आता तरी लिहून द्या की ३८!"

काल बसून लिहिलं. त्या कंपनीच्या पत्राच्याच क्रमाने. चूक काय झाली, तिने तुझं काय नुकसान झालं, आणि माझ्याकडून आता काय होऊ शकतं. तिसऱ्या भागात फारसं काही लिहिता आलं नाही. खाली 'मराठी : ३८, उत्तीर्ण' लिहून सही केली. कुठल्याही कचेरीत हा कागद चालायचा नाही. पण बेरीज तीनदा तपासली आहे.

सोमवारी पोस्टात टाकते.