दोन यंत्रांचा संवाद

दोन माणसे बोलू लागली म्हणजे त्यांचा संवाद होतोच असे नाही. एक बोलत असता दुसऱ्याने ऐकावे लागते. दोघांची गती जुळावी लागते. आणि वाक्य कोठे सुरू झाले व कोठे संपले, हेही उमगावे लागते. वाचकहो, यंत्रांनाही हाच नियम लागू आहे.

दिल्ली व तिच्या आसपासच्या नगरांत थंडी पडू लागली की हवा जड होते. आम्ही नोएडात राहतो. सासूबाईंना दम्याचा विकार असल्यामुळे त्यांनी सकाळी फिरावयास जावे की नाही, हा आमचा हिवाळ्यातील रोजचा प्रश्न. म्हणून आमच्या कन्येने हवेतील सूक्ष्म धूळ मोजणारे साधन घरीच जुळविण्याचे ठरविले. लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केटातून आर्डुइनो युनो हा छोटा बोर्ड आणि पीएमएस ५००३ हा धूळमापक संवेदक आणला. तारा जोडल्या, परंतु पडद्यावर एकही आकडा उमटेना.

अशा वेळी सारेच एकदम बदलून पाहण्याचा मोह होतो. तिने मात्र एकेक दुवा तपासला. संवेदकाची बोलण्याची तार बोर्डाच्या ऐकण्याच्या पिनेला जोडलेली असावी लागते. बोलण्याला बोलणे जोडले तर ऐकणार कोण? दोघांचे ग्राउंडही एकच हवे, कारण त्यावाचून व्होल्टेज कोठून मोजावयाचे हेच ठरत नाही. मग गती. ती ‘बॉड’मध्ये सांगतात, हे नाव एमिल बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्यावरून पडले. हा संवेदक ९६०० बॉडने बोलतो, तेव्हा बोर्डानेही त्याच गतीने ऐकले पाहिजे.

हे सर्व यथास्थित होते. खरा अडथळा निराळाच निघाला. युनोच्या ० व १ या पिना संगणकाशी बोलण्यासाठीही वापरल्या जातात, आणि संवेदक तेथेच जोडलेला होता. एका दारात दोघे उभे! संवेदकाची तार दुसऱ्या पिनेवर नेली आणि प्रोग्रॅमला तेथे ऐकावयास सांगितले. संवेदकाचा ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टवर चालणाऱ्या युनोला कळतो, कारण त्याला ३ व्होल्ट पुरतात. उलट दिशेने मात्र ५ व्होल्ट संवेदकावर सोडणे योग्य नव्हे. येथे केवळ ऐकावयाचे असल्याने ती तार तिने जोडलीच नाही.

आकडे उमटू लागले, आणि घरात आनंद झाला. पण घटकेत हजारांचा आकडा, तर घटकेत शून्य! कारण असे की, संवेदक प्रत्येक निरोप ३२ बाइटांचा पाठवितो. त्यातील पहिले दोन ६६ व ७७ असतात, आणि शेवटच्या दोहोंत आधीच्या तीसांची बेरीज असते. प्रोग्रॅम निरोपाच्या मध्येच वाचू लागे. आता तो ६६ व ७७ या खुणेची वाट पाहतो, बेरीज ताडून पाहतो आणि न जुळल्यास तो निरोप टाकून देतो.

तेवढ्यावरही ती थांबली नाही. आमच्या भागातील सरकारी हवामापन केंद्राच्या आकड्यांशी आपले आकडे काही दिवस पडताळून पाहिले. प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजणारे असे संवेदक धुक्यात धूळ अधिक दाखवितात, हेही तेव्हा ध्यानात आले. पीएम २.५ या सूक्ष्म धुळीसाठी आपल्या देशात २००९ साली ठरलेली चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या पुष्कळ वर असेल त्या दिवशी सासूबाई घरातच येरझाऱ्या घालतात.

आपल्याही घरी मुले असे काही जुळवीत असतील, तर त्यांना एवढेच सांगावे: यंत्र मुके असेल तर फार घाबरू नका, दोष आहे हे ते स्वतःच सांगत असते. ते बोलू लागले की मात्र अधिक सावध राहा. चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत उमटतो, आणि त्यावर विसंबून घरातील वडीलधारे माणूस दाराबाहेर पडावयाचे असते.